नफीयाची औटकी

"थांब, थांब, सुको. आत्ता जे म्हणत होतास ते परत म्हण."

मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून कॉफी दळत होतो. वीतभर उंचीची पितळी चक्की मांडीत घट्ट धरायची आणि वरचा दांडा गरागरा फिरवायचा. बोस्नियातल्या त्या घरात भाडेकरूला हे काम लावलेलं होतं.

"मी काही म्हणत नव्हतो, तेटका."

"रोज म्हणतोस. पहिल्या आठवड्यात मला वाटलं पोट दुखतंय म्हणून कण्हतोयस. मग लक्षात आलं, ह्याला चाल आहे. म्हण."

मी ओशाळलो. मी औटकी म्हणत होतो. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. एक औट साडेतीन, दोन औट सात, तीन औट साडेदहा. सव्वीस वर्षांचा इंजिनियर, परदेशात शिकायला आलेला, आणि तोंडात तिसरीतल्या पोराचा पाढा. पण त्याला माझा इलाज नव्हता. आई पहाटे जात्यावर बसायची तेव्हा मला समोर बसवून पाढे पाठ करायला लावायची. तिची दळायची लय आणि माझी घोकायची लय मिसळून एक भलतीच चाल तयार झाली होती. त्यामुळे हातात गोल फिरणारं काहीही आलं की माझ्या तोंडून पाढे सुरू होतात. कारखान्यात तारेची गुंडाळी फिरवतानाही व्हायचे.

ही गोष्ट १९८२ सालची. सांगलीच्या आमच्या कंपनीनं मला ट्रान्सफॉर्मरचं शिक्षण घ्यायला सहा महिने युगोस्लाव्हियात धाडलं होतं. बोस्ना नदीच्या काठी दोन डोंगरांच्या बेचक्यात एक गाव होतं, आणि त्या गावात नफीयाबाईंच्या माडीवरची खोली मला मिळाली. माझं नाव सुकुमार मगदूम. बाईंनी तीन दिवसांत त्याचं सुको करून टाकलं आणि महिनाभरात मला त्यांची भाषा मोडकीतोडकी बोलायला लावली. त्यांना मी तेटका म्हणायचो. तिकडे मावशीही तेटका आणि आत्याही तेटका, त्यामुळे चुकायची भीती नव्हती. मी जैन, मांस खात नाही, असं सांगितलं तेव्हा तिनं मला चमचाभर मध भरवला, कपाळाला हात लावून ताप पाहिला आणि शेजारच्या कंपाउंडरला हाक मारली. पुढे सहा महिने मी चीज आणि बटाटे भरलेल्या पिठाच्या गुंडाळ्यांवर जगलो आणि सात किलोनं वाढलो.

आणि तेटका गायची. म्हणजे तो तिचा धंदाच होता. सोळाव्या वर्षी चुलत बहिणीच्या लग्नात बोलावलेल्या गवयाचा घसा बसला, म्हणून हिला टेबलावर उभं केलं. त्यानंतर तेहतीस वर्षं ती टेबलावरून उतरलीच नाही म्हणा ना. लग्नं, सुंता, पोरगं लष्करात निघालं की त्याच्या निरोपाच्या जेवणावळी, सगळीकडे तंबू ठोकलेला असायचा आणि तंबूत नफीया. माइक नसला तरी चालायचं. तिचा आवाज असा होता की नदीपलीकडच्या गावातलं लग्न असलं तर अलीकडच्या गावातली कुत्री भुंकायची. हे मी म्हणत नाही, ती स्वतःच अभिमानानं सांगायची. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन त्याच गावात, आणि दिवसाला चाळीस सिगारेटी.

तिला एकच खंत होती. रेडिओवाल्यांनी तिला दोनदा परत पाठवलं होतं. पहिल्यांदा म्हणाले, आवाज फार खेडवळ आहे. दुसऱ्यांदा म्हणाले, तुम्ही म्हणता ती सगळी गाणी आमच्याकडे आधीच ध्वनिमुद्रित आहेत, कुणी न ऐकलेलं जुनं गाणं असेल तर आणा. आणि पन्नाशी उलटलेलं नवं नाव ते घेत नसत. तेटका एकोणपन्नास वर्षांची होती.

"तेहतीस वर्षं लोक माझ्या गाण्यावर नाचले, रडले, भांडले," ती म्हणायची. "पण उद्या मी मेले तर काय म्हणतील? लग्नात ओरडायची ती बाई गेली. एकदा, फक्त एकदा त्या डब्यातून यायला पाहिजे, की आता ऐका नफीया यांचं गाणं. मग मी मरायला मोकळी."

तर त्या दिवशी तिनं माझ्याकडून औटकी म्हणवून घेतली. सात औट साडेचोवीसपर्यंत गेलो आणि नेहमीप्रमाणे गचका खाऊन पुन्हा पहिल्यावर आलो.

"मध्येच का थांबलास?"

"पुढचं येत नाही. शाळेत सातावर नेहमी अडकायचो आणि खोत मास्तरांची छडी बसायची. तेव्हापासून तोंडच उघडत नाही तिथं."

"आणि हे आहे काय? प्रार्थना?"

"पाढा आहे. साडेतीन एके साडेतीन, साडेतीन दुणे सात."

तिनं सिगारेट विझवली. "माणूस साडेतीननं कशाला गुणेल?"

ह्याचं उत्तर खोत मास्तरांकडेसुद्धा नव्हतं.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "घरची आठवण येते तेव्हा माणूस असं मोजतो. आई आहे ना तुझी?"

"आहे."

"पत्र लिही तिला." आणि उठून भांडी घासायला लागली. घासताना औटकी गुणगुणत होती.

पंधरा दिवसांत औटकीचं गाणं झालं. शब्द तिनं स्वतः रचले. गावाबाहेरच्या झऱ्यापाशी एक मुलगी घोडेस्वाराची वाट बघते. एकेक रात्र मोजते, सात रात्री मोजते आणि आठवी काही तिच्यानं मोजवत नाही. तिथं गाणं थांबतं आणि पुन्हा पहिल्या रात्रीपासून सुरू होतं. खोत मास्तरांच्या छडीचा एवढा सुंदर उपयोग दुसऱ्या कुणी केला नसेल. तेटका ते म्हणायला लागली की माझ्या अंगावर काटा यायचा. माझाच पाढा, आणि डोळे पुसतोय मीच. मी स्वतःला बजावायचो, अरे, ही औटकी आहे, रडतोस काय.

"पण तेटका, त्यांना जुनं गाणं पाहिजे. हे तर मागच्या मंगळवारचं आहे."

"आमच्याकडे गाणं आजीचं आहे म्हटलं की जुनं होतं. सगळे असंच करतात. ज्यांनी आजीचं नाव सांगितलं ते रेडिओवर गेले आणि ज्यांनी खरं सांगितलं ते लग्नात गातायत. तू फक्त तोंड मिटून बस."

तिनं रेडिओला निरोप धाडला, आणि शनिवारी दुपारी प्राध्यापक फाहरुदिन आले. लोकगीतांचे मोठे संग्राहक, रेडिओच्या समितीवर त्यांचाच शब्द चालायचा. उंच, बारीक, गळ्याला रुमाल आणि खांद्याला टेपरेकॉर्डर. बोलताना शेतकऱ्यांबद्दल इतक्या जिव्हाळ्यानं बोलायचे की ते कधी शेतात गेले नसावेत हे लगेच कळायचं. तेटकानं ठेवणीतला झगा घातला होता आणि सकाळपासून एकही सिगारेट ओढली नव्हती.

आता इथं कॉफीबद्दल सांगायला पाहिजे. त्या मुलखात पाहुण्याला तीन कॉफ्या असतात. पहिली स्वागताची. दुसरी गप्पांची. आणि तिसरी आली की पाहुण्यानं ती प्यायची, टोपी उचलायची आणि चालू पडायचं. तिसरीचा अर्थच तो, चला निघा आता. तोंडानं कुणी काही बोलत नाही. मला हे माहीत नव्हतं तेव्हा आमच्या फोरमनच्या घरी मी तिसरी कॉफी फार छान झालीय म्हणून चौथी मागितली होती. त्याच्या बायकोनं ती दिलीसुद्धा. कारखान्यात महिनाभर लोक मला बघून हसत होते.

पहिली कॉफी झाली. तेटका गायली. मी आत स्वयंपाकघरात होतो. दाराच्या फटीतून प्राध्यापक दिसत होते. सातव्या रात्रीवर गाणं थांबलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"हा हुंदका ऐकलात?" ते कुणालाच उद्देशून म्हणाले. "सातानंतरचा हा हुंदका! तीनशे वर्षं तरी जुनं आहे हे. कदाचित चारशे. ही लय काफिल्यातल्या उंटांची आहे. कुणाकडून मिळालं तुम्हाला?"

"आजीकडून," तेटका म्हणाली.

"आणि तिला?"

"तिच्या आजीकडून."

माझ्या मनात खोत मास्तर हातात छडी घेऊन उंटावर बसले. हसू दाबायला म्हणून मी दुसऱ्या कॉफीची तयारी केली, चक्की मांडीत धरली आणि दांडा फिरवायला लागलो. पुढचं काय झालं हे चाणाक्ष माणसाला सांगायला नको. पण मी त्या दिवशी चाणाक्ष नव्हतो. दांडा फिरला, तोंड उघडलं आणि एक औट साडेतीन सुरू झालं, चांगल्या खड्या आवाजात.

मी पाच औटला पोचलो तेव्हा दार उघडलं होतं आणि दारात प्राध्यापक उभे होते. त्यांच्या मागं तेटका. तिचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला होता.

"हे तुला कसं येतं?" प्राध्यापकांनी विचारलं. "तू इथला नाहीस."

तेटका माझ्याकडे बघत होती. तेहतीस वर्षं माझ्या जिभेवर येऊन बसली होती. मी आयुष्यात खोटं फारसं बोललेलो नाही. धर्मामुळे नाही, जमत नाही म्हणून. पण त्या दिवशी जमलं.

"ह्या रोज म्हणतात, सर. ऐकून ऐकून माझ्या तोंडात बसलं. गाण्यातले शब्द मला धड कळत नाहीत, म्हणून माझ्या भाषेत काहीतरी बडबडतो."

प्राध्यापकांना भरून आलं. "बघा! एका परक्या माणसाच्या रक्तात भिनलं हे! हेच अस्सल लोकगीत!" त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. तेटकाच्या गालावर रंग परत आला. मी दुसरी कॉफी नेऊन ठेवली आणि मनातल्या मनात तिला रेडिओवर बसवून टाकलं.

दुसरी कॉफी गप्पांची असते. प्राध्यापकांनी वही काढली आणि म्हणाले, "राजधानीत एक नवी गायिका आहे. तेवीस वर्षांची. आवाज लोण्यासारखा. मोठ्या वाद्यवृंदासोबत हे गाणं आपण तिच्याकडून गाऊन घेऊ."

तेटकाला आधी कळलंच नाही. "आणि मी?"

"तुमचं नाव नोंदीत राहील ना. माहिती देणारी, नफीया, गृहिणी."

"गृहिणी," तेटका म्हणाली.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या आवाजात धूर आहे. गाणं काही कुणाच्या मालकीचं नसतं. ते लोकांचं असतं. तुम्ही फक्त ते सांभाळून ठेवलंत."

मला वाटलं आता ती बशी फेकून मारणार. पण तिनं फक्त सिगारेट पेटवली, सकाळपासूनची पहिली. मोठा झुरका घेतला आणि शांतपणे म्हणाली, "प्राध्यापक, हे लोकांचं नाही. हे ह्या पोराचं आहे. इंडियातला साडेतीनाचा पाढा आहे. शब्द मी रचलेत, महिनासुद्धा झाला नाही. आजीबिजी कुणी नाही. माझ्या आजीला तर गाणं ऐकलं की डोकं दुखायचं. सुको, सांग त्यांना."

मी सांगितलं. हाताची घडी घालून ताठ उभा राहून, शाळेत म्हणायचो तशी औटकी म्हणून दाखवली. बोटांवर हिशेबही करून दाखवला, साडेतीन दुणे सात, साडेतीन त्रिक साडेदहा. सातावर अडकलोसुद्धा.

प्राध्यापक मंद हसले. अज्ञानी माणसांवर प्रेम करणारी माणसं हसतात तसे.

"मला हे नवीन नाही," ते म्हणाले. "चाळीस वर्षं गावोगाव फिरतोय. आपलं धन बाहेर जातंय म्हटलं की गावातली माणसं काय वाटेल ते सांगतात. एका म्हातारीनं मला सांगितलं होतं की तिचं गाणं बकरीनं शिकवलं. पण पाढा?" त्यांनी मान हलवली. "बाई, चारशे वर्षांचं दुःख असं साडेतीननं गुणता येत नाही."

तेटका उठली. आतून चक्की आणली आणि स्वतः दळायला बसली, प्राध्यापकांच्या समोरच. दांडा फिरत होता आणि ती टक लावून त्यांच्याकडे बघत होती. पाणी उकळलं, फेस आला, आणि तिनं तिसरी कॉफी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

ते त्याच मातीतले होते. त्यांना तिसरी कॉफी बरोबर कळली. कानांपर्यंत लाल झाले. पण नाही म्हणता येत नाही, तसा रिवाज नाही. जीभ भाजत तीन घोटांत संपवली, टेपरेकॉर्डर खांद्याला लावला आणि गेले. गाणं त्या खोक्यात बसून त्यांच्याबरोबर गेलं.

दार लागल्यावर तेटका हसायला लागली. हसता हसता खुर्चीवरून घसरली. मीही हसलो. मग ती हसत नाहीये हे मला कळलं. मी तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिलो. परभाषेत माणसाचं सांत्वन कसं करतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि आपल्या भाषेतलंही त्या वेळी काही आठवेना.

थोड्या वेळानं तिनं झग्यानंच डोळे पुसले. "माझे शब्द घेऊन गेला तो. आता मला तुझे दे. खरे शब्द शिकव."

"पाढ्याचे?"

"हो. ते तरी कुठल्या पोरीला गाता येणार नाहीत."

संध्याकाळपर्यंत ती घोकत बसली. 'साडेसतरा' तिच्या तोंडात काही केल्या बसेना. मी मास्तर झालो, चमच्यानं टेबलावर ठोकत. सात औट साडेचोवीस झालं.

"पुढे?"

"तेटका, खरंच येत नाही."

"अरे, तू इंजिनियर ना? गुणून सांग."

गुणायला काय हो, आठाला साडेतीननं कुणीही गुणील. पण त्या दिवशी पुन्हा तिथंच तोंड मिटलं. पाठीवर छडी बसणार असं वाटलं. मी हसण्यावारी नेलं.

"बरं," ती म्हणाली. "घरी गेलास की आईला विचार आणि पत्रानं कळव. अर्धं गाणं मी आजवर कुठं गायलेलं नाही."

"कळवतो," मी म्हणालो.

ऑक्टोबरात मी परत आलो. दोन पत्रं पाठवली. एकात लग्नाची बातमी, दुसऱ्यात मुलाच्या बारशाची. आठवं औट दोन्हींत राहून गेलं. मुद्दाम नाही. इतकी लहान गोष्ट, लिहू पुढच्या पत्रात. मग लिहायचंच राहिलं. दहा वर्षांनी त्यांच्याकडे लढाई पेटली. टीव्हीवर मोडलेले पूल दाखवायचे, मी गावाचं नाव ऐकू येतंय का म्हणून कान द्यायचो, आणि मग बातम्या संपून क्रिकेट सुरू व्हायचं.

परवा रविवारी सकाळी नातवाची सायकल उलटी करून चाकाला तेल देत होतो. फोन वाजला. अनोळखी नंबर, परदेशातला.

"सुको बोलताय का?"

बेचाळीस वर्षांत मला ह्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. मी पायरीवर बसलो.

ती झेरिना, तेटकाची नात. आता स्वीडनला असते. आजीच्या पत्र्याच्या डब्यात माझी दोन पत्रं सापडली, त्यावरून शोधत आली. आजी २००९ साली गेली. शेवटपर्यंत सिगारेट सोडली नाही. गंजलेल्या बोस्नियन भाषेत मी जमेल तसं विचारत होतो. तिनं सांगितलं, झऱ्यापाशी सात रात्री मोजणारं गाणं आता शाळेच्या पुस्तकात आहे, खाली 'पारंपरिक, कर्ता अज्ञात' असं छापलंय. आजी ते पान काढून त्यावर पावटा सोलायची.

"आजी ते गाणं कधीच गायली नाही," झेरिना म्हणाली. "ती दुसरंच काहीतरी गायची, त्याच चालीवर. मी पाच वर्षांची होते. तीन हिवाळे आम्ही तळघरात काढले. वर तोफा चालायच्या आणि आजी अंधारात मला मांडीवर घेऊन ते म्हणायची. शेजारपाजारचे सगळे म्हणायला लागले. त्यांना वाटायचं, जुनी प्रार्थना आहे. इमामसाहेबही म्हणायचे. आजी सांगायची, अहो, हा पाढा आहे. कुणी विश्वास ठेवला नाही."

"पाढाच आहे तो," मी म्हणालो.

पलीकडे ती हसली. अगदी तेटकासारखी, घशातून.

"मग मला एक सांगा. सातापुढे काय आहे? आम्ही विचारायचो, तर आजी म्हणायची, आठवं सुकोकडे आहे. त्यानं कळवतो म्हटलंय. पोस्ट बंद आहे, सुरू झालं की येईल. लढाई संपून पोस्ट सुरू झालं, तेव्हा पहिले काही महिने ती रोज दारात उभी राहायची."

मी हात लांब करून सायकलचं चाक हळूच फिरवलं. अडुसष्ट वर्षांचा म्हातारा, आणि पाठीवर पुन्हा छडीची वाट बघत बसलेला. पण ह्या वेळी मी पहिल्यावर परत गेलो नाही.

"आठ औट अठ्ठावीस," मी म्हणालो.

"हळू सांगा," झेरिना म्हणाली. "माझी मुलगीही ऐकतेय."